जग आणि बाजार (भाग 7) : रॉटरडॅमची अट, दिंडोरीची बाग

मागच्या भागात कंटेनरमुळे सागरी वाहतूक कशी स्वस्त झाली ते आपण पाहिले. वाहतूक स्वस्त झाली, 1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना आली, अनेक मालांवरची आयातशुल्के उतरली. म्हणजे आता ज्याचा माल चांगला त्याला बाजार खुला, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात शुल्क उतरले की खरेदीदाराच्या अटी पुढे येतात. त्या बंदरावर थांबत नाहीत, थेट उत्पादकाच्या शेतात शिरतात. नाशिकच्या द्राक्षांनी हे जितके भोगले आहे, तितके आपल्याकडच्या क्वचितच कुठल्या पिकाने भोगले असेल.

दिंडोरी-निफाडच्या बागेत वर्षाला दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते; सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोड छाटणी, तिच्यातून घड येतात. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी चालते. युरोपात तेव्हा स्वतःची द्राक्षे नसतात आणि हंगाम पुढे सरकेल तसा दक्षिण गोलार्धातला माल हळूहळू ओसरू लागतो. तेवढीच फट आपल्याला मिळते. आपला बराचसा माल नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरतो आणि तिथून जर्मनीसह इतर देशांत जातो.

हा मार्ग पक्का होतोय असे वाटत असतानाच 2010 चा हंगाम आला. युरोपीय प्रयोगशाळांना आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. वेलीची वाढ रोखून काडीत घडनिर्मिती व्हावी म्हणून खरड छाटणीनंतर बागायतदार हे रसायन वापरत. म्हणजे फवारणी काढणीच्या कितीतरी महिने आधीची, घड दिसायच्याही आधीची. तरीही त्याचा अंश वेलीत टिकला आणि मण्यात उतरला. युरोपची मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. निर्यातीपूर्वी आपल्याकडे माल तपासला जात होता, पण तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हते. कंटेनर युरोपात अडकले, माल नाकारला गेला. शेतकऱ्याने नियम मोडला नव्हता. त्याला सांगितलेली यादी अपुरी होती. किंमत मात्र त्यालाही मोजावी लागली. पुढच्या हंगामापासून ते नाव यादीत आले.

हे का घडले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. 2008 च्या सप्टेंबरपासून युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांसाठी कीडनाशकांच्या अंशांच्या एकसमान मर्यादा लागू केल्या. ज्या रसायनासाठी स्वतंत्र मर्यादा नाही, त्याला सरसकट 0.01 मिलिग्रॅम. हा झाला सरकारी कायदा. त्याच्याही पुढे सुपरमार्केटांच्या अटी आहेत. 1997 मध्ये युरोपातल्या किरकोळ विक्रेत्यांनी ‘युरेपगॅप’ नावाची शेतीपद्धतीची मानके तयार केली. 2007 मध्ये त्यांचे नाव ‘ग्लोबलगॅप’ झाले. ही मानके कुठल्याही संसदेने संमत केलेली नाहीत, पण प्रमाणपत्र नसेल तर मोठ्या साखळ्यांची दारे बंद. जर्मनीतील काही साखळ्या कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांश अंशच चालवून घेतात. शिवाय एका नमुन्यात किती प्रकारची रसायने सापडली तर चालतील, तेही मोजून सांगतात. दोन देशांच्या सरकारांत वाद झाला तर तो जागतिक व्यापार संघटनेत नेता येतो. सुपरमार्केटच्या अटीविरुद्ध दाद मागायला निफाडच्या बागायतदाराला तसा मंच नाही.

या अटी पॅकहाऊसमध्ये जवळून दिसतात. टेबलांच्या रांगांवर महिला बारीक कात्रीने घडातला एकेक डागाळलेला, चिरलेला, लहान मणी काढतात. मण्याचा व्यास, रंग, साखर, सगळ्याची मापे ठरलेली. घड पनेटमध्ये (छोट्या डब्यांत) वजन करून भरतात, पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद घालतात, मग प्री-कूलिंग आणि शून्य अंशाच्या आसपासचे शीतगृह. पेटीवरचा क्रमांक मालाची वाट उलटी दाखवतो : युरोपातल्या गोदामातून पॅकहाऊस, पॅकहाऊसमधून नेमका तो प्लॉट. ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाची ‘ग्रेपनेट’ ही नोंदणी व्यवस्था आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची अंशतपासणीतली देखरेख ही आपण कमावलेली मोठी गोष्ट आहे, असे मी मनापासून मानतो. औषधांची नोंदवही ठेवण्याची शिस्त तिच्यामुळे बागेत रुजली. माझी तक्रार एवढीच, की तोच काटेकोरपणा आपल्या मंडईत विकल्या जाणाऱ्या द्राक्षांसाठी नाही. युरोपच्या ग्राहकासाठी जे होते, ते नाशिकच्या मुलासाठी का होऊ नये?

गुणवत्तेची अट कष्टाने पाळता येते. वाटेतले संकट कोणाच्या हातात? 2023 च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात येमेनमधील हूथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बड्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालव्याची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घातला. 2024 चा द्राक्ष हंगाम नेमका त्यात सापडला. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडी भडकली. यंत्राच्या सुट्या भागांना पंधरा दिवसांनी फारसा फरक पडत नाही. द्राक्षाचा देठ मात्र तेवढ्यात सुकतो आणि देठ तपकिरी दिसला की भाव पडतो. बऱ्याच सौद्यांत अंतिम भाव माल पोहोचल्यावर, त्याची स्थिती पाहून ठरतो. त्यामुळे जोखमीचा मोठा भार खाली, बागेच्या दिशेने सरकतो. सौदे बांधावरच पक्के व्हावेत आणि लांबलेल्या प्रवासाचा तोटा आयातदारानेही उचलावा, ही मागणी मला रास्त वाटते. ती एकट्या शेतकऱ्याला रेटता येत नाही. 1991 मध्ये सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी केली आणि अलीकडे मोहाडीत ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांची कंपनी वाढली, त्यामागची एक गरज हीच होती.

आता स्पर्धेचा रोख वाणांकडे वळला आहे. आपला बराचसा व्यवसाय थॉमसन सीडलेस आणि तिच्याच वेलींतून आपल्या शेतकऱ्यांनी निवडलेल्या वाणांवर उभा राहिला; तास-ए-गणेश तासगावच्या भागातले, सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजचे. ही रोपे हातोहात पसरली, कुणी हक्क सांगितला नाही. पेरूने वाळवंटी किनाऱ्यावर परवान्याची नवी बियाविरहित वाणे लावून काही वर्षांतच जगातल्या आघाडीच्या निर्यातदारांत स्थान मिळवले. मोठा, कुरकुरीत मणी युरोपच्या ग्राहकाला आवडू लागला आणि थॉमसनची मागणी घटू लागली. ही नवी वाणे लावायची तर हक्कधारकाशी करार करावा लागतो, शुल्क भरावे लागते आणि शेजाऱ्याला काडी देता येत नाही. सह्याद्रीने ‘आरा’ वाणे अशा कराराने आणली. दुसरीकडे मांजरीच्या केंद्रात आपली स्वतःची वाणे तयार होत आहेत, पण द्राक्षाचे नवे वाण बागेपर्यंत पोहोचायला दहा-पंधरा वर्षे सहज जातात. वाणांच्या हक्कांविषयीचा 1961 चा ‘यूपोव्ह’ करार, त्यात सामील न होता भारताने 2001 मध्ये केलेला स्वतंत्र कायदा आणि त्या कायद्याने शेतकऱ्याला दिलेले अधिकार, हा पुढच्या भागाचा विषय.