वैमानिकाच्या शिक्षणांत दूरच्या उड्डाणाचें महत्त्व

विमान उडवितां येणें आणि विमानानें इच्छित स्थळीं पोहोंचणें या दोन निराळ्या विद्या आहेत. पहिली धावपट्टीभोंवतीं घिरट्या घालून साध्य होते. दुसरीसाठीं आपला तळ दृष्टीआड करावाच लागतो. एका विमानतळावरून निघून दूरच्या विमानतळावर उतरण्याच्या या अभ्यासास वैमानिक ‘क्रॉस-कंट्री’ असें म्हणतात.

बारामतीहून सोलापुरास एकटाच निघालेला विद्यार्थी कल्पनेंत आणावा. सरळ अंतर सुमारें १५५ किलोमीटर. विमानाचा वेग ताशीं १६० किलोमीटर. विमानाचें नाक सोलापूरकडे रोखलें म्हणजे झालें, असें त्यास वाटेल. परंतु उजवीकडून ताशीं २० किलोमीटर वेगाचा वारा वाहत असला, तर तासाअखेर तो वाटेच्या डावीकडे जवळजवळ तितकाच सरकलेला असेल! म्हणून निघण्यापूर्वींच नकाशावर रेघ ओढून, नाक वाऱ्याकडे सुमारें ७ अंश वळविलें पाहिजे, हा हिशेब करावा लागतो. अर्ध्या वाटेच्या सुमारास भीमा नदी लागते. ती ठरल्या वेळीं खालीं दिसली नाहीं, तर हिशेब चुकल्याचें घड्याळच सांगतें, व तो सुधारण्यास अवकाश मिळतो.

याहून मोठा धडा निर्णयाचा होय. पुढें ढग खालीं उतरूं लागले, अथवा इंधन अपेक्षेहून लवकर सरूं लागलें, तर पुढें जावें, परतावें, कीं जवळच्या तळावर उतरावें? शेजारीं शिक्षक नसतो. ‘आणखी थोडें पुढें जाऊन पाहूं’ या हट्टापायीं ढगांत शिरून अनेक वैमानिक प्राणांस मुकले आहेत. वेळींच मागें फिरणें ही भीरुता नव्हे, तें शहाणपण होय.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें खाजगी परवान्यासाठीं असें एकट्यानें केलेलें उड्डाण निदान ५ तास व्हावें लागतें. त्यांत दोन निराळ्या विमानतळांवर उतरून केलेला २७० किलोमीटरांचा एक प्रवास असावा लागतो. व्यावसायिक परवान्यासाठीं हेंच प्रमाण २० तास व ५४० किलोमीटर असें आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून एकटेच निघाले व अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. आज उपग्रहांच्या साहाय्यानें विमानाचें स्थान पडद्यावर दिसतें. तथापि यंत्र केव्हां बंद पडेल याचा नेम नाहीं. तें बंद पडल्यावर नकाशा, घड्याळ आणि स्वतःची सावध बुद्धि हींच वैमानिकाच्या उपयोगीं पडतात. आणि त्यांची संवय आधींच झालेली असावी लागते.