सशाची हनुवटी ओली का?

आजचा विषय आपल्या छोट्या श्रोत्यांच्या आवडीचा, ससा. इथे ब्रिटनमध्ये पुष्कळ घरांत कुत्र्यामांजरांच्या पाठोपाठ सशाचाच नंबर लागतो. त्यातही मुलांना भुरळ पडते ती लायनहेडची. चेहऱ्याभोवती सिंहासारखी आयाळ, म्हणून हे नाव. ब्रिटिश रॅबिट कौन्सिलने २००२ साली या जातीला मान्यता दिली.

आमच्याकडेही असाच एक कापश्या आहे. गेल्या वर्षी त्याची हनुवटी सारखी ओली दिसायची. पाणी पिताना भिजत असेल, म्हणून आम्ही रोज टॉवेलने पुसत राहिलो. एके दिवशी त्याने खाणंच सोडलं, तेव्हा धावतपळत डॉक्टरांकडे नेलं. दाढांची वाढलेली टोकं त्याच्या जिभेला टोचत होती! आम्ही केस पुसत बसलो आणि दुखणं होतं तोंडात.

सशाचे दात आयुष्यभर वाढतात, समोरचे तर आठवड्याला २ ते ३ मिलिमीटर. भरपूर सुकं गवत चावलं तरच ते झिजतात. म्हणून ओली हनुवटी, डोळ्यांतून पाणी, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला चिकटलेले केस (ससा त्याच पायांनी नाक-तोंड पुसतो) असं काही दिसलं, तर ती नुसती घाण समजू नका. डॉक्टरांना दाखवा.

आता विंचरण्याविषयी. ससा मांजरासारखा अंग चाटतो, केस पोटात जातात. मांजर ते ओकून टाकते, सशाला ओकताच येत नाही. आखूड केसांच्या सशाला आठवड्यातून एकदा, आयाळवाल्याला रोज विंचरा. केस गळायच्या दिवसांत दोघांनाही रोज. मांडीवर घ्या, पण उताणा करू नका, तो घाबरतो. चेहऱ्याजवळ बारीक दातांचा कंगवा हळू फिरवा. गुंता बोटांनी सोडवा. कात्री नको, कारण त्याची कातडी फार पातळ असते, चटकन कापली जाते. गुंता कातडीला चिकटला असेल तर काम डॉक्टरांवर सोपवा. आणि हो, आपली दिवाळीच्या अभ्यंगस्नानाची हौस त्याच्यावर भागवू नका. आंघोळीने ससा गारठतो, भेदरतो.

मुलांनो, मिशा मात्र कधीही कापायच्या नाहीत! अगदी नाकासमोरचं सशाला दिसत नाही. तिथे काय आहे, हे त्याला मिशांनीच कळतं.

उन्हाळ्यात शेपटीखालीही रोज बघा. ओल्या, घाण केसांत माश्या अंडी घालतात.

शेवटचं, पण सगळ्यांत महत्त्वाचं. सशाने अर्धा दिवस काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर उद्यावर ढकलू नका. लगेच डॉक्टरांना फोन करा. आमचा कापश्या वेळेत पोहोचला, म्हणून हे लिहीत असताना शेजारी गवत कुरतडत बसला आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार!