घर कुणाचं, पाटल्या कुणाच्या? वेळीच लिहून ठेवा!

‘‘अहो, मृत्युपत्राचं तेवढं बघा ना,’’ असं घरात म्हणून तर बघा! ‘‘एवढी कसली घाई झालीय तुला?’’ हे उत्तर ठरलेलं. विषय अभद्र वाटतो, म्हणून तो लांबणीवर पडतो. मग तेरावं आटोपत नाही तोच कपाटाच्या किल्ल्यांवरून सख्ख्या भावंडांत बोलाचाली सुरू होते. भगिनींनो, अशा भांडणांच्या मुळाशी पुष्कळदा लोभापेक्षा गैरसमज असतात.

पहिला गैरसमज नॉमिनीचा. सोसायटीत थोरल्याचं नाव लावलं, की जागा त्याचीच, असं त्याला वाटू लागतं. पण नॉमिनी म्हणजे वारसांच्या वतीनं सांभाळणारा. बँकेतल्या ठेवींबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली हेच सांगितलं आहे. मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास सासूबाई यांना सारखे वाटे मिळतात.

दुसरा गैरसमज, ‘लग्न झालं, माहेरचा हक्क संपला’ हा. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. माहेर तुटू नये म्हणून बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. खुशीनं करायची तर जरूर करा. पण वाचून, समजून. नोंदवलेलं पत्र सहजी मागं घेता येत नाही.

आणि तुमचं स्वतःचं काय? समजा, एखाद्या बाईला मूलबाळ नाही, नवराही आधी गेला. तिनं मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तिच्या पगारातून घेतलेला फ्लॅटसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो. तिचे आईवडील त्यांच्यानंतर! तेव्हा नवऱ्यापाशी आग्रह धरताना आपलंही मृत्युपत्र करायला विसरू नका.

ते करणं अवघड नाही. स्टँपपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. तारीख घाला, सही करा. दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहावं आणि तुमच्यासमोर आपापल्या सह्या कराव्यात. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नका. वय झालं असेल, तर डॉक्टरांचा दाखला जोडा. नोंदणी सक्तीची नाही. पण दुय्यम निबंधकांकडे करून ठेवलेली बरी. मन बदललं तर नवं करता येतं. शेवटचं तेच खरं.

‘दागिने सर्वांनी वाटून घ्यावेत’ असं मोघम लिहू नका. पाटल्या सुनेला, मोहनमाळ लेकीला, असं स्पष्ट लिहा. एखाद्याला कमी देत असाल, तर त्याचं कारणही दोन ओळींत लिहा. घराच्या व्यवहाराची गुंतागुंत असेल, तर वकिलांचा सल्ला घ्या.

आणि मुख्य म्हणजे, कागद कुठे ठेवलाय ते एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. जमलं तर मुलांना एकत्र बसवून, आपण हयात असतानाच सारं बोलून टाका. आईच्या तोंडून ऐकलेलं मुलं सहसा मोडत नाहीत.