जुना संगणक भंगारात देऊ नका, आधी कारण शोधा!

आमच्या वस्तीतील बुद्धविहाराच्या वाचनालयात एक संगणक आहे. एका कार्यालयाने नवे संगणक घेतले तेव्हा जुने काढून टाकले. त्यांतला एक आमच्या एका समाजबांधवाने मागून आणला. धम्मचक्र प्रवर्तन दिनी त्याला हार घातला, मुलांना पेढे वाटले. त्यानंतर दोन वर्षे त्या संगणकाने वस्तीची पुष्कळ सेवा केली. कोणाला निकाल पाहायचा असे, कोणाला नोकरीचा अर्ज भरायचा असे, तर कोणाला बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड वाचायचे असत. सर्वांचे काम त्याच्यावरच होई.

गेल्या पावसाळ्यात मात्र तो रुसला. संगणक सुरू होई, पडदा उजळे; पण इंटरनेटचे पान काही केल्या उघडेना. ‘जोडणी सुरक्षित नाही’ अशा अर्थाची लाल खुणेची सूचना येई आणि सारे तिथेच थांबे. नेमकी त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत होती. वस्तीतल्या एका मुलीने बी.एस्सी.ला प्रवेश घेतला होता. वडील बिगारी काम करणारे, घरात एकच मोबाईल आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका असे सगळे कागद पिशवीत घालून ती विहारात आली, तेव्हा हातात फक्त चार दिवस होते.

बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने दोन मिनिटे पाहिले आणि सांगितले, “मशीन जुनं झालंय. मदरबोर्ड गेला. भंगारात द्या, दुसरं घ्या.” आम्ही मोठी माणसे माना डोलावून गप्प बसलो. ती मुलगी मात्र म्हणाली, “काका, मदरबोर्ड गेला असता तर संगणक सुरू तरी कसा झाला असता?”

वाचक बंधू-भगिनींनो, तिच्या या एका प्रश्नामुळेच हा लेख लिहावासा वाटला. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते, की कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या. यंत्राला राग-लोभ नसतो, ते रुसत नाही. प्रत्येक बिघाडाला कारण असते, आणि ते कारण दूर झाले की बिघाडही दूर होतो.

दोष नेमका कुठे आहे?

संगणकावर इंटरनेटची पाने ज्या प्रोग्रॅममधून आपण पाहतो त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज ही ब्राउझरचीच नावे. पान उघडले नाही की आपण सरसकट ‘नेट बंद आहे’ म्हणतो. पण दोष चार ठिकाणी असू शकतो: इंटरनेटच्या जोडणीत, त्या संकेतस्थळात, ब्राउझरमध्ये किंवा खुद्द संगणकात. म्हणून एकेक ठिकाण तपासून बाजूला करीत जावे.

आम्ही प्रथम त्याच वाय-फायवर माझा मोबाईल जोडला आणि तेच संकेतस्थळ उघडले. ते लगेच उघडले. म्हणजे जोडणी ठीक होती आणि संकेतस्थळही चालू होते. मग संगणकावर दुसरा ब्राउझर उघडून पाहिला. तिथेही तीच सूचना! दोन निरनिराळे ब्राउझर एकाच वेळी सारखेच कसे बिघडतील? तेव्हा दोष ब्राउझरच्याही खाली, संगणकातच असणार, हे पैसाही न खर्चता कळले.

तेवढ्यात त्या मुलीचे लक्ष पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे गेले. तिथे तारीख होती १ जानेवारी २००९!

घड्याळ चुकले म्हणून दार बंद

तारखेचा आणि इंटरनेटचा संबंध काय, असे कोणालाही वाटेल. उत्पन्नाच्या दाखल्यावर मुदत लिहिलेली असते ना? तसेच प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ स्वतःच्या ओळखीचे एक प्रमाणपत्र असते, आणि ते अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच चालते. पान उघडण्यापूर्वी ब्राउझर ते प्रमाणपत्र तपासतो. आजची तारीख कोणती हे तो संगणकाच्या घड्याळाला विचारतो. घड्याळ म्हणाले २००९, की ब्राउझरच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते. म्हणून तो दार लावून घेतो. तो बिघडलेला नसतो, उलट आपले काम चोख करीत असतो.

तारखेवर उजवे बटण दाबून आम्ही तारीख व वेळ दुरुस्त केली, भारताची प्रमाणवेळ निवडली आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. पाने उघडू लागली! वाचनालयात बसलेल्या मुलांनी टाळ्या वाजविल्या.

अशी सूचना आली की काही जण ‘धोका पत्करून पुढे जा’ हे बटण दाबतात. तसे कधीही करू नये. तारीख बरोबर असूनही सूचना येत असेल, तर ते संकेतस्थळ खोटे असू शकते. तिथे आधार क्रमांक किंवा बँकेची माहिती भरणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे होय.

बटणाएवढा सेल

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो पुन्हा १ जानेवारी २००९. रात्री वीज गेली होती. आता खरे कारण उघड झाले. संगणक बंद असतानाही त्यातले घड्याळ चालावे म्हणून मदरबोर्डवर एक चपटा गोल सेल बसविलेला असतो. बहुतेक टेबलावरच्या संगणकांत तो सीआर २०३२ या क्रमांकाचा, ३ व्होल्टचा असतो. या क्रमांकातच त्याचे माप दडलेले आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. काही वर्षांनी तो संपतो आणि वीज गेली की संगणक तारीख विसरतो. घड्याळाच्या दुकानात हा सेल चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळतो.

तो बदलणे अवघड नाही. संगणक बंद करून वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढावी. बाजूचे झाकण उघडावे. अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून पेटीच्या धातूच्या भागाला क्षणभर हात लावावा. सेल धरून ठेवणारी पट्टी हलकेच दाबली की तो वर येतो. नवा सेल बसविताना अधिक चिन्हाची बाजू जुन्या सेलप्रमाणेच ठेवावी. बहुधा ती वर असते. झाकण लावून संगणक सुरू करावा आणि तारीख एकदा नीट लावावी. लॅपटॉपमध्ये मात्र हा सेल अनेकदा वायरने जोडलेला व आत खोल असतो. तिथे जाणकाराची मदत घ्यावी.

माता-भगिनींना एक कळकळीची सूचना. काढलेला सेल इकडेतिकडे टाकू नका. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजते. नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करीत बसू नका, उलटी करवू नका. मुलाला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या.

ब्राउझर जुना झाला तर

सेल बदलला, तारीख टिकली, पण शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पान अर्धेच दिसे आणि दाखला जोडण्याचे बटण दाबूनही काही होईना. मुदतीला आता दोन दिवस उरले होते. पुन्हा तोच प्रश्न: कारण काय?

ब्राउझरच्या मेनूत ‘हेल्प’ आणि त्याखाली ‘अबाउट’ असते. तिथे ब्राउझरची आवृत्ती कळते. आमच्या संगणकावर विंडोज ७ होते आणि त्यावरचा फायरफॉक्स कित्येक वर्षांत कोणी अद्ययावत केलाच नव्हता. संकेतस्थळे नव्या पद्धतीने बांधली जातात, जुन्या ब्राउझरला त्यांची भाषा पुरती कळत नाही, म्हणून पान अर्धवट दिसते.

जुन्या संगणकांबाबत काही तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, तर फायरफॉक्सची ११५. या दोन्ही २०२३ सालच्या. इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपला म्हणजे संगणक बंद पडतो असे नव्हे. पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणे थांबते.

आम्ही फायरफॉक्सच्या निर्मात्यांच्या मूळ संकेतस्थळावरून ११५ आवृत्ती उतरवून घेतली. ब्राउझर नेहमी मूळ ठिकाणाहूनच घ्यावा, जाहिरातीतल्या दुव्यावरून नव्हे. पान पूर्ण उघडले, एकेक दाखला जोडला गेला आणि मुदतीच्या आदल्या संध्याकाळी अर्ज दाखल झाला. पावतीची छापील प्रत हातात घेऊन ती मुलगी बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे क्षणभर उभी राहिली. तिची आई दारातच डोळे पुसत होती.

आवृत्ती नवी, तरीही अडचण?

अशा वेळी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, खाजगी खिडकी उघडून तेच पान पाहावे. तिथे ते नीट चालले तर दोष बहुधा साठलेल्या जुन्या माहितीत किंवा ब्राउझरला जोडलेल्या उपऱ्या प्रोग्रॅममध्ये असतो. साठा पुसावा, न ओळखीचे जोड-प्रोग्रॅम काढावेत. दुसरी, पहिले पान आपोआप बदलत असेल, जाहिराती उसळत असतील, तर सेटिंग मूळ स्थितीवर आणण्याची सोय वापरावी. क्रोममध्ये असे केल्याने जपून ठेवलेल्या खुणा आणि पासवर्ड जात नाहीत. तिसरी, संगणक नुसताच मंद असेल तर एका वेळी एक-दोनच पाने उघडी ठेवावीत. कमी स्मरणशक्तीच्या संगणकावर वीस पाने उघडणे म्हणजे एका बैलाला चार गाड्या जुंपणे.

कायमचा इलाज

मुदत जवळ होती म्हणून आम्ही विंडोज ७ वर तो अर्ज भरला, हे प्रांजळपणे सांगतो. पण आधार संपलेल्या संगणकावर बँकेचे व्यवहार किंवा ओळखपत्रांची कामे नेहमी करणे योग्य नाही. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली पेन ड्राइव्हवर घेतली. संगणकात न बसविताही ती पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. ६४ बिटचा प्रोसेसर आणि निदान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असल्यास बरे. पडदा, वाय-फाय, छपाईयंत्र सारे चालते याची खात्री केली, जुनी कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवली आणि मगच ती बसविली. आता ताजा फायरफॉक्स चालतो, देवनागरीत लिहिता येते आणि त्यासाठी पैसा लागला नाही.

सामायिक संगणकावर दोन नियम मात्र कडक पाळावेत: पासवर्ड जतन करू नये आणि काम संपल्यावर खात्यातून बाहेर पडावे. नाहीतर पुढच्या माणसाला आपले सगळे घर उघडे.

थोडे आपल्या समाजासाठी

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. तेव्हापासून आपल्या किती घरांतला पहिला पदवीधर या शिष्यवृत्तीवर शिकला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आज तिचा अर्ज ब्राउझरमधून जातो. पूर्वी शाळेचे दार बंद असे. आज दार उघडे असूनही एका चपट्या सेलपायी मुलगी बाहेर राहू शकते. हे आपण होऊ द्यायचे का?

विंडोज १० चा आधार संपल्यामुळे अनेक कार्यालये आपले संगणक काढून टाकीत आहेत. असे संगणक विहारांनी, वसतिगृहांनी, महिला मंडळांनी जरूर मागून घ्यावेत. पण हार घालून कोपऱ्यात ठेवू नयेत. दोन मुले आणि दोन मुली निवडून त्यांच्यावर देखभालीची जबाबदारी द्यावी. संगणकाजवळ एक वही टांगावी. कोणता बिघाड झाला, कारण काय निघाले, काय केले हे तारखेसह तीत लिहावे.

आमच्या विहारातल्या वहीचे पहिले पान त्या मुलीनेच लिहिले आहे: “पान उघडत नव्हते. कारण: सेल संपल्याने तारीख चुकली. उपाय: सेल बदलला.” दर रविवारी वंदनेनंतर ती आता लहान मुलांना संगणक उघडून दाखविते. परवा एका आजींनी तिला विचारले, “पोरी, भीती नाही का वाटत गं?” ती म्हणाली, “आजी, आधी वायर काढते ना!”

जयभीम!