विश्लेषण : बाल्कनीत ऊन येत नाही, मग कोणती झाडे जगतील?

पहिला पाऊस पडला की रोपवाटिकांमध्ये गर्दी होते. फुललेला गुलाब, कळ्यांनी लगडलेला मोगरा घरी येतो आणि गणपतीपर्यंत कुंडीत काड्या उरतात. 'आमच्या हातून झाड जगतच नाही' असे म्हणत आपण नाद सोडून देतो. खरे कारण बहुतेकदा उन्हाच्या हिशेबात असते. शहरात इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. समोर पुनर्विकासाचा टॉवर आला की वर्षानुवर्षे उन्हात असलेली बाल्कनीही कायमची सावलीत जाते. अशा जागेत बाग होऊ शकते, मात्र आधी सावली मोजावी लागते.

सावली कशी मोजायची?

आपले डोळे फसवतात. भर उन्हात उजेड सुमारे एक लाख लक्स असतो, तर 'छान उजेडाच्या' खोलीत बरेचदा काहीशेच लक्स. डोळे या फरकाशी जुळवून घेतात, झाडाला तेवढे जमत नाही. सोपी चाचणी अशी : दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा ठळक दिसल्या तर उजेड भरपूर आहे. कडा पुसट असल्या तर मध्यम. सावली जेमतेम जाणवत असेल तर ती गडद सावलीची जागा.

बाल्कनीची दिशा का महत्त्वाची?

मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. या काळाच्या दोन टोकांनाच 'शून्य सावली दिवस' येतात. त्यामुळे उत्तरेच्या बाल्कनीत उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ थोडे ऊन येते, हिवाळ्यात मात्र थेट ऊन अजिबात येत नाही. दक्षिणेला याच्या उलट. हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येते आणि उन्हाळ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब ते अडवतो. म्हणजे मे महिन्यात उत्तरेची बाल्कनी पाहून घेतलेले फुलझाड दिवाळीनंतर रुसणारच.

कोणत्या जागी काय लावावे?

सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन येत असेल तर निवड मोठी आहे. नागवेल, पानओवा, पुदिना, हळद, आले आणि फुलांसाठी अबोली किंवा सोनटक्का. कोकणात सुपारीच्या खोडावर नागवेल आणि मिरी चढवतात, नारळाच्या छायेत हळद-आले घेतात. वरून झिरपणाऱ्या उन्हात वाढणे या झाडांच्या अंगवळणी पडलेले असते.

थेट ऊन नाही, पण मोकळे आभाळ दिसते, अशा जागी मनी प्लांट, नेचे, स्पायडर प्लांट, अग्लोनिमा, पीस लिली चांगली वाढतात. यांतील बरीचशी मूळची उष्ण प्रदेशातील जंगलांच्या तळाशी वाढणारी. मोठाल्या झाडांखाली जो उजेड पोहोचतो, त्यावर ती भागवतात.

जिना, डक्टची खिडकी, हॉलचा कोपरा अशा गडद सावलीत स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट तग धरतात. मात्र तिथे ती फारशी वाढत नाहीत. दर काही आठवड्यांनी त्यांना उजेडाच्या जागी हलवावे. पानांवर पांढरे-पिवळे पट्टे असलेल्या जातींत हरितद्रव्य कमी असते. त्यामुळे त्यांना अधिक उजेड लागतो. तो मिळाला नाही तर नवी पाने साधी हिरवी येऊ लागतात.

तुळस, गुलाब, मोगरा, जास्वंद, मिरची, टोमॅटो यांना रोज पाच-सहा तास ऊन हवे. घरात उन्हाचा एकच कोपरा असेल तर तो तुळशीसाठी राखून ठेवावा.

सावलीतील झाडे कशाने मरतात?

बहुतेक वेळा पाण्याने. कमी उजेडात झाड पाणी सावकाश वापरते आणि मातीही लवकर सुकत नाही. रोजच्या सवयीने तांब्याभर पाणी ओतले की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मग पाने पिवळी पडतात. ती पाहून आपण आणखी पाणी घालतो. बोट पेरभर मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी नको. मातीत शेणखत किंवा कंपोस्टसोबत वाळू वा भाताचे तूस मिसळावे. नुसते कोकोपीट सावलीत फार काळ ओले राहते.

कुंडीखालच्या बशीत आणि मनी प्लांटच्या बाटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास अंडी घालतात. हे पाणी आठवड्यातून किमान एकदा पूर्ण ओतून द्यावे आणि भांडे घासून घ्यावे.

घरात लहान मुले, मांजर असेल तर?

अळूने घशाला खाज सुटते, ती त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. मनी प्लांट, अग्लोनिमा, पीस लिली, झेडझेड प्लांट आणि डिफेनबेकिया अळूच्याच कुळातील. त्यांचे पान चावल्यास तोंडाची आग होते, सूज येते. ही झाडे उंचावर टांगावीत. स्नेक प्लांटही मांजर-कुत्र्यांना बाधते. स्पायडर प्लांट, बोस्टन नेचा आणि अरेका पाम त्या मानाने सुरक्षित.

रोपवाटिकेत जाण्यापूर्वी काय करावे?

एका सुटीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता त्याच जागेचे मोबाइलवर फोटो काढा. रोपवाटिकेत गेल्यावर झाडे पाहण्याआधी ते माळ्याला दाखवा आणि विचारा, 'इथे काय जगेल?' सुरुवातीला दोन-तीनच रोपे घ्या. ती महिनाभर तजेलदार राहिली की मग बाग वाढवा.