घरगुती फळप्रक्रियेसाठी काचेच्या बरण्या : निवड, वापर आणि साठवण

एप्रिल-मेमध्ये आंबा आणि कैरी, हिवाळ्यात आवळा, टोमॅटो आणि स्ट्रॉबेरी. माल एकदम तयार होतो, बाजारात दर पडतो आणि उरलेला माल वाया जाऊ नये म्हणून घरी जॅम, रस, प्युरी, लोणचे केले जाते. यासाठी फळ, साखर, मसाले निवडताना आपण काळजी घेतो; बरणी मात्र हाताला लागेल ती वापरतो. दोन महिन्यांनी झाकणाखाली बुरशी दिसते किंवा गरम रस ओतताना बरणी तडकते, तेव्हा पूर्ण घाण्याचे नुकसान होते. त्याहून गंभीर बाब म्हणजे, चुकीचा पदार्थ चुकीच्या पद्धतीने हवाबंद केला तर तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून बरणी हा प्रक्रियेचाच एक भाग समजावा.

काचच का?

काचेवर आम्ल, मीठ आणि तेलाचा परिणाम होत नाही. काचेला वास किंवा रंग धरत नाही आणि ती उकळत्या पाण्यात निर्जंतुक करता येते. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या प्लॅस्टिक बाटल्या गरम रसाने आक्रसतात, त्यामुळे त्या गरम भरणीसाठी चालत नाहीत. चिनी मातीची बरणी लोणच्यासाठी उत्तम आहे. पण ती हवाबंद होत नसल्याने रस किंवा प्युरीसाठी उपयोगी नाही.

फळे हवाबंद करून टिकवण्याची सुरुवातही काचेतच झाली. फ्रान्समधील निकोलस ॲपर्ट यांनी काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच लावून त्या उकळत्या पाण्यात तापवण्याची पद्धत १८१० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. आज आपण घरी करतो त्या प्रक्रियेचे तत्त्व तेच आहे.

खरेदी करताना काय पाहावे?

- काठ : बरणीच्या काठावरून बोट फिरवावे. टवका उडालेला, खडबडीत किंवा उंचसखल काठ असेल तर झाकण हवाबंद बसत नाही. अशी बरणी घेऊ नये.
- काच : बरणी उजेडात धरून पाहावी. तडा, मोठे बुडबुडे किंवा एका बाजूला पातळ झालेली काच असेल तर ती तापवताना फुटते.
- तोंड : जॅम, लोणचे यांसाठी रुंद तोंडाची बरणी घ्यावी, म्हणजे हात किंवा ब्रश आत जाऊन ती नीट धुता येते. रस, सरबत, स्क्वॅश यांसाठी अरुंद तोंडाची बाटली आणि क्राऊन कॉर्क सोयीचे पडते. मात्र त्यासाठी कॉर्क बसवण्याचे हातयंत्र लागते.
- झाकण : पाव वळसा देऊन बसणारे लग कॅप सर्वांत सोयीचे असते. झाकणाच्या आतील मऊ अस्तर गरम झाल्यावर काठाला चिकटते आणि हवा रोखते. मध्यभागी फुगीर बटण असलेले झाकण मिळाल्यास तेच घ्यावे. आत निर्वात तयार झाल्यावर हे बटण खाली दबते. झाकणाचा व्यास बरणीच्या तोंडाशी जुळतो का, हे दुकानातच बसवून पाहावे.
- मापाची खात्री : बाजारात बरणी 'ग्रॅम'मध्ये सांगून विकली जाते, पण हे वजन बहुतेक वेळा मधाचे असते. मध पाण्यापेक्षा सुमारे १.४ पट जड असल्याने ५०० ग्रॅम मधाच्या बरणीत साधारण ३६० मिली पाणीच मावते. घरच्या वजनकाट्यावर रिकामी आणि पाण्याने भरलेली बरणी तोलून पाहावी. वाढलेले ग्रॅम तेवढेच मिली.

किती बरण्या घ्याव्यात याचा अंदाज आधी करावा. १० किलो हापूसपासून साधारण ५ ते ६ किलो रस मिळतो. त्यासाठी ५०० मिलीच्या १० ते १२ बरण्या लागतात. फुटतूट धरून दोन-तीन जास्तीच्या ठेवाव्यात. घरगुती वापरासाठी ५०० मिलीपेक्षा मोठी बरणी टाळावी. मोठ्या बरणीच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला वेळ लागतो आणि एकदा उघडल्यावर पदार्थ लवकर संपत नाही.

जुन्या बरण्या वापराव्यात का?

विकतच्या जॅम, सॉस, मधाच्या रिकाम्या बरण्या काठ चांगला असल्यास पुन्हा वापरता येतात. झाकण मात्र नवीन घ्यावे. एकदा वापरलेल्या झाकणाच्या अस्तरात पहिल्या काठाचा खाच पडलेला असतो, त्यामुळे ते दुसऱ्यांदा खात्रीने हवाबंद होत नाही. औषधे, कीटकनाशके, रंग किंवा रॉकेल भरलेली बाटली कितीही धुतली तरी खाद्यपदार्थासाठी वापरू नये. भंगारवाल्याकडील बाटलीत पूर्वी काय होते हे कळत नसल्याने त्याही टाळाव्यात.

बरणी का तडकते?

साधी काच एकाच वेळी सुमारे ४० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानाचा फरक सहन करू शकत नाही. ओट्यावरील ३० अंशांच्या बरणीत ९० अंशांचा रस ओतला तर आतील काच पटकन प्रसरण पावते, बाहेरची तशीच राहते आणि तडा जातो. म्हणून भरणीच्या वेळी बरणी गरमच असावी. गरम बरणी ओल्या किंवा थंड फरशीवर ठेवू नये. खाली लाकडी फळी किंवा घडी घातलेले कापड असावे.

भरणीची पद्धत

१. बरण्या गरम पाणी आणि साबणाने धुवाव्यात. मोठ्या पातेल्याच्या तळाशी कापड किंवा जाळी ठेवून त्यात बरण्या बुडतील इतके साधे पाणी घ्यावे. पाणी उकळू लागल्यावर १० मिनिटे उकळावे. झाकणे शेवटी गरम पाण्यात टाकावीत. जास्त उकळल्यास अस्तर खराब होते.

२. चिमट्याने एकेक बरणी काढून पाणी निथळावे आणि ती लगेच भरावी. पदार्थ किमान ८५ अंश सेल्सिअस गरम असावा.

३. जॅममध्ये काठापासून ६ मिमी, तर रस आणि प्युरीत १२ मिमी जागा मोकळी सोडावी. काठोकाठ भरल्यास पदार्थ झाकणाखाली येतो आणि बरणी हवाबंद होत नाही. फार कमी भरल्यास आत हवा शिल्लक राहते.

४. स्वच्छ चमचा कडेने फिरवून हवेचे बुडबुडे काढावेत. काठ स्वच्छ ओल्या कापडाने पुसावा. ही पायरी बऱ्याचदा राहून जाते आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

५. झाकण लावून बरण्या पुन्हा गरम पाण्यात ठेवाव्यात. पाणी झाकणाच्या वर २.५ सेंमी असावे. पाणी खळखळून उकळू लागल्यापासून वेळ मोजावी : जॅमसाठी १० मिनिटे, आंबा रसासाठी ३० मिनिटे, टोमॅटो प्युरीसाठी ३५ मिनिटे.

६. बरण्या काढून एकमेकींपासून ५ सेंमी अंतरावर ठेवाव्यात. १२ ते २४ तास हलवू नयेत. गरम बरणी नुसती उलटी ठेवणे ही पाण्यात उकळण्याला पर्यायी पद्धत नाही.

उंचीनुसार वेळ वाढवावी

समुद्रसपाटीपासून वर गेल्यावर पाणी कमी तापमानाला उकळते. साधारण ३०० मीटरला एक अंशाचा फरक पडतो. वरील वेळा कोकण किनारपट्टीसाठी योग्य आहेत. पुणे, नाशिक यांसारख्या ३०० मीटरपेक्षा जास्त उंचीच्या भागात ५ मिनिटे वाढवावीत. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे आणि तेथे पाणी ९६ अंशांच्या आतच उकळते. अशा ठिकाणी रस आणि प्युरीसाठी १० मिनिटे, तर जॅमसाठी ५ मिनिटे वाढवावीत.

सर्वांत महत्त्वाचे : आम्लता

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत सर्वत्र असतात. ते उकळत्या पाण्यात मरत नाहीत. हवा नसलेल्या आणि कमी आम्लतेच्या पदार्थात ते वाढतात व अतिशय घातक विष तयार करतात. सामू ४.६ पेक्षा कमी असेल तर त्यांची वाढ होत नाही. म्हणून काय भरावे आणि काय भरू नये, हे सामूवर ठरते.

- उकळत्या पाण्याच्या पद्धतीने चालणारे : आवळा, कोकम, लिंबू, कैरी, स्ट्रॉबेरी आणि योग्य घट्टपणाचे जॅम (किमान ६५ अंश ब्रिक्स).
- आम्ल मिसळूनच भरावेत : पिकलेल्या आंब्याचा रस आणि टोमॅटो. यांचा सामू जात व पक्वतेनुसार ४.६ च्या जवळ जाऊ शकतो. टोमॅटो प्युरीच्या प्रत्येक ५०० मिली बरणीत पाव चहाचा चमचा खाण्याचे सायट्रिक आम्ल घालावे. आंबा रसात सायट्रिक आम्ल थोडे थोडे मिसळून सामू ४.२ च्या खाली आणावा. त्यासाठी सामू मोजण्याची पट्टी किंवा मीटर वापरावा.
- बरणीत हवाबंद करू नयेत : मटार, मका, गवार, भेंडी, अळंबी, शिजवलेली भाजी, डाळ, मांस, मासे. यांना दाबाखाली १२१ अंश तापमान ठरावीक वेळ द्यावे लागते. घरातील स्वयंपाकाचा कुकर लवकर तापतो आणि लवकर थंड होतो, त्यामुळे त्यावर अवलंबून राहू नये. मटार व मका उकळत्या पाण्यातून काढून फ्रीझरमध्ये ठेवावेत. गवार, भेंडी वाळवावी.
- सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवू नये. लसणाचे लोणचे करताना लिंबाचा रस किंवा व्हिनेगर भरपूर असावे.

लोणच्यासाठी वेगळे नियम

लोणचे मीठ, आम्ल आणि तेलावर टिकते, निर्वातावर नाही. बरणी धुऊन उन्हात पूर्ण कोरडी करावी. सुरुवातीचे काही दिवस लोणचे मुरताना वायू तयार होतो, म्हणून झाकण घट्ट न लावता वर कापड बांधावे. फोडींच्या वर बोटभर तेल राहील असे पाहावे. मीठ आणि आम्लाने पत्र्याचे झाकण गंजते. त्यामुळे लोणच्याला प्लॅस्टिकचे किंवा काचेचे झाकण वापरावे.

सुक्या पदार्थांची साठवण

पापड, कुरडया, हळद, आमचूर, वाळवलेली भाजी काचेच्या बरणीत चांगली राहते. मात्र पदार्थ पूर्ण वाळलेला हवा. बरणी भरून झाकण लावावे आणि एक दिवस ठेवावे. आतून काचेवर बाष्प दिसले तर पदार्थ काढून पुन्हा उन्हात द्यावा. अर्धवट वाळलेला माल हवाबंद केल्यास बुरशी लवकर येते.

साठवण आणि तपासणी

दुसऱ्या दिवशी झाकणाचे बटण दाबून पाहावे. टकटक वाजत वर आले, तर बरणी हवाबंद झालेली नाही. ती फ्रिजमध्ये ठेवून काही दिवसांत संपवावी. हवाबंद बरण्यांवर पदार्थाचे नाव व भरणीची तारीख लिहून त्या थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. उजेडात स्ट्रॉबेरी आणि कोकमचा रंग फिका पडतो. एक वर्षाच्या आत माल वापरावा. उघडल्यावर बरणी फ्रिजमध्ये ठेवावी आणि चमचा कोरडाच वापरावा.

झाकण फुगलेले, रस पाझरलेला, उघडताना फेस किंवा वायू बाहेर येणारा पदार्थ चाखूनही पाहू नये. बोट्युलिनमच्या विषाला वास किंवा चव असेलच असे नाही. असा पदार्थ जनावरांनाही घालू नये. खाल्ल्यानंतर दृष्टी अंधूक होणे, पापण्या जड होणे, गिळायला किंवा बोलायला त्रास होणे ही लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालयात जावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे.

बचत गटामार्फत विक्री करायची असल्यास एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना आणि नियमानुसार लेबल आवश्यक आहे. प्रत्येक घाण्याचा बॅच क्रमांक, सामू आणि उकळण्याची वेळ वहीत लिहावी. प्रत्येक घाण्यातील एक बरणी विक्री न करता नमुना म्हणून बाजूला ठेवावी. पुढे तक्रार आली तर दोष फळात होता, झाकणात होता की उकळण्यात, हे त्यावरून शोधता येते.