लायगोच्या आधीची गोष्ट

टीव्हीचा रिमोट घ्या, मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा आणि रिमोटचं टोक त्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये जांभळट दिवा लुकलुकताना दिसतो. डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड. आपल्या औंढा नागनाथला होणाऱ्या लायगोची आधीची गोष्ट याच प्रकाशात दिसते.

2600 कोटींच्या या प्रकल्पाला केंद्रानं एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये लेसर धावेल आणि दोन कृष्णविवरं आदळल्यावर उठणारी लहर पकडेल. अमेरिकेतल्या लायगोनं 14 सप्टेंबर 2015 ला पहिली लहर पकडली. तिच्यामागची कृष्णविवरं सूर्याच्या साधारण 36 आणि 29 पट वजनाची होती. एवढी जड जोडी जमली कुठं?

एक संशय आहे तरुण, गच्च भरलेल्या तारकागुच्छांवर. वृश्चिकाच्या शेपटीखाली, दक्षिण क्षितिजाकडे ‘वेस्टरलुंड 1’ नावाचा असा गुच्छ आहे. बेंग्ट वेस्टरलुंड यांनी तो 1961 मध्ये शोधला. अंतर सुमारे 12 हजार प्रकाशवर्षं. आपला सूर्य त्याच्या मधोमध असता, तर रात्री पौर्णिमेच्या चंद्राएवढे तेजस्वी शेकडो तारे दिसले असते! पण मधे धूळ इतकी, की त्याच्या दृश्य प्रकाशाचा दहा हजारांतला एक भागही आपल्यापर्यंत पोचत नाही. अवरक्त लहरी लांब. धुळीचे बारीक कण त्यांना फारसं अडवत नाहीत. म्हणून जेम्स वेबसारख्या दुर्बिणी आतले तारे एकेक करून मोजू शकतात.

हे तारे म्हणजे उधळे पोरगे. सूर्य 1000 कोटी वर्षं पुरवून खातो. 40 पट वजनाचा तारा पन्नासेक लाख वर्षांत सगळं संपवतो. मग कृष्णविवर? दरवेळी नाही. याच गुच्छात असा एक तारा मरून मॅग्नेटार, म्हणजे प्रचंड चुंबकत्वाचा न्यूट्रॉन तारा झालाय. 2014 मध्ये तिथून वेगानं पळणारा एक तारा सापडला. तो त्याचा जोडीदार असावा. त्याच्या सोबतीमुळे मरण्याआधी मूळ ताऱ्याचं बरंच वजन घटलं, असा अंदाज आहे.

म्हणजे सोबतीवर सगळं ठरतं. जन्मापासून जोडीत असलेल्या ताऱ्यांची कृष्णविवरं बहुधा एकाच दिशेनं गिरकी घेतात. गर्दीत नंतर जमलेल्यांच्या गिरक्या कशाही. त्या गिरकीची खूण लहरीत उमटते. औंढ्याला ती वाचायची आहे.